गणिताला भाषा लागत नाही म्हणे!

२.२० आणि १.२५ यांची बेरीज किती? शाळेत विचाराल तर ३.४५. हेच आकडे जमिनीच्या उताऱ्यावरचे असतील तर उत्तर ४.०५ येतं. कर्नाटकातल्या उताऱ्यात ठिपक्याच्या डावीकडे एकर असतात, उजवीकडे गुंठे, आणि चाळीस गुंठे झाले की एकर पुरा होतो. बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातला जुना शेतकरी ही बेरीज तोंडी करतो. त्याचा सातवीतला नातू मात्र २.२० म्हणजे अडीच एकर हे ऐकून गोंधळतो, कारण अडीच म्हणजे २.५ असं त्याला शिकवलेलं असतं. सीमेपलीकडे चंदगड-गडहिंग्लजला सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये लिहितात. शंभर आर म्हणजे एक हेक्टर, त्यामुळे तिथला ठिपका खरोखरच दशांशचिन्हासारखा वागतो. ज्याची थोडी जमीन अलीकडे आणि थोडी पलीकडे, त्याच्या ट्रंकेत दोन कागद आणि ठिपक्याचे दोन नियम. नातवाला हे कुणी समजावून सांगायचं? शाळेत विषयच निघत नाही, आणि आजोबांना हिशेब येतो पण तो का तसा, हे सांगता येत नाही.

आपल्याकडे सीमाभागात शाळेवर बोलणं सुरू झालं की दुसऱ्याच वाक्याला माध्यम येऊन बसतं. त्यात नवल नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, आणि तेव्हापासून मराठी शाळा ही इथे नुसती शाळा राहिलेली नाही. सीमाप्रश्नावर महाजन आयोग झाला, २००४ साली महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला. घटनेच्या ३५० अ कलमात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करावी असं म्हटलंय, त्या कलमाचा हवाला देत किती निवेदनं गेली असतील कोण जाणे. यातलं काहीच मी कमी लेखत नाही. पण इतक्या वर्षांत आपण फलकावर मराठी आहे का, वर्गखोल्या किती, पट किती, हे मोजत आलो. सहावीच्या मुलाला अर्धा अधिक एक-तृतीयांश करता येतं का, हे काही आपल्या मागणीपत्रात आलं नाही.

दोन वाक्यं सारखी कानावर पडतात. पहिलं पालकांचं: गणिताला भाषा लागत नाही, इंग्रजीत शिकलं काय नि मराठीत काय, मग इंग्रजीच बरी, पुढे पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, उपयोगी पडेल. दुसरं व्यासपीठावरचं: मराठी शाळा टिकली की बाकीचं मागोमाग येईल. माझ्या मते दोन्ही चूक आहेत, आणि दोन्हींचा फटका बसतो तो पाचवी ते आठवी या चार वर्षांना.

पाचवीत येईपर्यंत मूल मोजायच्या संख्यांवर जगत असतं. आठवी संपेपर्यंत त्याच्यापुढे अपूर्णांक, दशांश, ऋण संख्या, परिमेय संख्या, अक्षरं आणि समीकरणं एकामागून एक येऊन आदळतात. संख्या म्हणजे काय, ही कल्पनाच त्याला या काळात तीन-चार वेळा मोडून पुन्हा बांधावी लागते. आणि पाया कसा? ग्रामीण भारतातल्या मुलांची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या अहवालात, आठवीतल्या ४५.८ टक्के मुलांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आलं. हा आकडा सगळ्या देशातल्या ग्रामीण भागाचा आहे, सगळ्या माध्यमांचा आहे. निम्म्याहून जास्त मुलं भागाकार न येता बीजगणिताच्या वर्गात बसलेली आहेत. भागाकार पक्का नसेल तर अपूर्णांक कशाच्या जोरावर कळणार?

सर्वांत जास्त मुलं इथेच अडकतात, म्हणून इथे जरा थांबतो. एक-द्वितीयांश अधिक एक-तृतीयांश, असं फळ्यावर लिहा. वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले, उत्तर दोन-पंचमांश: हे मराठी माध्यमात येतं, कन्नडमध्ये येतं, गलेलठ्ठ फी घेणाऱ्या इंग्रजी शाळेतही येतं. अर्ध्यात काहीतरी मिळवल्यावर उत्तर अर्ध्याहून कमी कसं आलं, हे मुलाला खटकत नाही. खटकणार कसं? २/५ ही त्याच्या लेखी एक संख्या नाहीच, रेघेच्या वर-खाली ठेवलेल्या दोन संख्या आहेत. तसंच दशांशाचं. ०.२५ मोठा की ०.५, असं विचारलं की पंचवीस पाचापेक्षा मोठा म्हणून ०.२५ मोठा ठरतो. छेद समान करण्याची रीत पाठ करून परीक्षेपुरतं हे झाकता येतं. पण संख्यारेषेवर २/५ नेमका कुठे बसतो हे ज्याने स्वतः बोट ठेवून दाखवलेलं नाही, त्याला दोन वर्षांनी परिमेय संख्येची व्याख्या देणं म्हणजे बिनपायाच्या घराला रंग काढणं.

इथे कुणीतरी पावकी-निमकीची आठवण काढतंच. पूर्वी मराठी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, अगदी साडेतीनची औटकीसुद्धा पाढ्यांसारखी म्हणून घेत. रुपयाचे सोळा आणे होते, तेव्हा पाव, अर्धा, पाऊण यांचा रोजचा संबंध होता. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, मागोमाग किलो-मीटर आले, आणि त्या पाढ्यांची गरज गेली. ते परत आणा असं मी म्हणणार नाही. घोकंपट्टीला घोकंपट्टी हे उत्तर नव्हे. शिवाय त्या पाढ्यांची मर्यादा कुणी सांगत नाही: त्यात अर्ध्याचं अर्ध करत जाण्यापलीकडे काही नाही. बाजारात पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड भेटतात. तीन-सप्तमांश भाजीच्या ढिगावर कधी भेटत नाही. त्यामुळे ‘आमच्या बायका शाळा न शिकता हिशेब करतात’ हे कौतुक खरं असलं तरी अर्धंच खरं आहे. निपाणीत विड्या वळणाऱ्या बाईला हजारी दराने मजुरी आणि नापास झालेल्या विड्यांची कपात बरोबर काढता येते. तिचं ते गणित शाळेने सुरुवातीला घ्यावं, आणि तिथेच न थांबता पुढे न्यावं.

पुढे न्यायचं म्हणजे काय, ते ऋण संख्येत दिसतं. शाळेत हा धडा एका घोषणेत उरकतो: मायनस मायनस प्लस. त्या घोषणेपायी मूल −३ −५ चं उत्तर +८ लिहितं, कारण दोन मायनस दिसले! वास्तविक बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर काम करणारा आयटीआयचा पोरगा वजाची वजाबाकी रोज करतो. ड्रॉइंगवर शाफ्टचा व्यास २५ मिलिमीटर, वर +०.०२, खाली −०.०१ असं लिहिलेलं असतं. माल २४.९९ ते २५.०२ या दरम्यान बसला पाहिजे. सूट एकूण किती? तीन शतांश, म्हणजे तीस मायक्रॉन. हे ०.०२ − (−०.०१) आहे, आणि ते ०.०३ का होतं हे त्याला मायक्रोमीटर हातात घेऊन दिसतं. कारखान्यातलं एक ड्रॉइंग सातवीच्या वर्गात टांगायला फार खर्च येणार नाही. ऋण गुणिले ऋण यालाही घोषणा नको. −२ चा पाढा उलटा म्हणून बघा: तीनदा −२ म्हणजे −६, दोनदा −४, एकदा −२, शून्यदा शून्य. प्रत्येक पायरीला दोन वाढत आले. मग −१ वेळा +२ च येणार, दुसरं काही लिहिलं तर क्रम मोडतो. एवढं बोलायला दहा मिनिटं लागतात. पण बोलावं लागतं, आणि मुलाला उलट प्रश्न विचारता यावा लागतो.

तिसरी अडचण बरोबरच्या चिन्हाची. ८ + ४ = □ + ५, चौकटीत काय? पुष्कळ मुलं बारा लिहितात. त्यांच्या लेखी बरोबरचं चिन्ह म्हणजे ‘आता उत्तर लिही’ असा हुकूम. दोन्ही बाजू सारख्या असल्याचं ते विधान आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. अशा मुलापुढे ३क्ष + २ = १४ ठेवलं की ते आधी ३क्ष आणि २ मिळवून ५क्ष करतं. पुस्तकात समजावण्यासाठी दोन पारड्यांचा तराजू काढलेला असतो. पण शनिवारच्या बाजारातसुद्धा आता आकडे दाखवणारा काटा आलाय. तराजू म्हणजे काय हेच मुलाला आधी समजवावं लागतं, मग समीकरण. चित्र बदलायचं कुणाच्या मनात येत नाही.

आता संख्यांच्या प्रकारांबद्दल. नैसर्गिक, पूर्ण, पूर्णांक, परिमेय, अपरिमेय, वास्तव: ही यादी पाठ होते, परीक्षेत ‘−७ ही कोणती संख्या आहे’ असं येतं, गुण मिळतात. प्रत्येक प्रकार कुठल्या तरी अडचणीतून जन्माला आला, हे मात्र कुठेच येत नाही. तीनातून पाच जाईनात, म्हणून ऋण संख्या. सातव्या शतकात, ६२८ साली ब्रह्मगुप्ताने धन आणि ऋण यांचे नियम लिहिले तेव्हा त्याने मालमत्ता आणि कर्ज याच अर्थाचे शब्द वापरले. भागाकार पुरा होईना, म्हणून अपूर्णांक. त्यांच्या बेरजेसाठी लसावि काढण्याची रीत नवव्या शतकात महावीराचार्यांनी दिली. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातले हे जैन गणिती. त्या राजाची राजधानी मान्यखेट, आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड. आपल्या भागात इतका मोठा जैन समाज आहे, पण शाळेच्या भिंतीवर या माणसाचं चित्र मी कुठे पाहिलेलं नाही. शून्याने भागलं तर संख्या तशीच राहते, असं त्यांनी लिहून ठेवलंय. ते चूक होतं. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी अशा राशीला ‘खहर’ म्हणून वेगळं काढलं. शून्याने भागताना अडखळणाऱ्या सहावीच्या पोराला हे सांगितलं तर त्याला केवढा धीर येईल!

भास्कराचार्यांवरून एक विषयांतर करतो. त्यांनी आपलं गाव सह्याद्रीच्या आश्रयाचं विज्जडविड असं सांगितलंय. कर्नाटकातले लोक म्हणतात ते विजापूर. महाराष्ट्रातले म्हणतात चाळीसगावजवळचं पाटण, कारण तिथे त्यांच्या नातवाने, चांगदेवाने काढलेल्या मठाचा शिलालेख सापडला. हा सीमावाद तेवढा महाजन आयोगाकडे गेला नाही, हे नशीब. दोन्हीकडचे लोक हिरिरीने भांडतात, आणि याच भास्कराचार्यांनी बीजगणितात अज्ञात राशींसाठी कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावं वापरली, हे दोन्हीकडच्या आठवीतल्या मुलांना माहीत नसतं. क्ष बघून घाबरणाऱ्या मुलाला ‘काळा अधिक दोन निळे’ असं लिहू द्यायला हरकत काय आहे?

मूळ मुद्द्यावर येतो. गणिताला भाषा लागत नाही हे वाक्य हिशेबापुरतं खरं वाटतं, कारण ४७ × ६ चं उत्तर कुठल्याही भाषेत २८२ असतं. पण एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, मुलाला √२ ही संख्या अपरिमेय आहे हे सिद्ध करावं लागतं. तो पुरावा असा चालतो: समजा, ती परिमेय आहे; तर ती सर्वांत सोप्या रूपातल्या अपूर्णांकात लिहिता येईल; तसं असेल तर अंशही सम निघतो आणि छेदही सम निघतो; मग रूप सर्वांत सोपं कसं? म्हणून मुळातलं गृहीतच खोटं. यात आकडेमोड जवळजवळ नाही. ‘समजा’, ‘तर’, ‘पण मग’, ‘म्हणून’ एवढाच ऐवज आहे. गवंडी तीन-चार-पाच फुटांनी काटकोन जुळवतो, एक बाय एकच्या चौरसाच्या कर्णाचं टेपवर माप घेतो, त्याचं काम १.४१ वर भागतं. कुठलाच अपूर्णांक तिथे नेमका बसणार नाही, ही गोष्ट टेपवर दिसत नाही; ती वाद घालूनच पटते. आणि मूल वाद कुठल्या भाषेत घालतं? ज्या भाषेत घरी भावंडांशी भांडतं त्या भाषेत. इंग्रजीत वाद घालायची सवय नसलेलं मूल हा पुरावा ओळीने पाठ करतं. मराठी शाळेतलंही करतं, कारण तिथेही त्याला कधी वाद घालू दिलेला नाही. म्हणून दुसरं वाक्यही तितकंच चूक. शाळेवर मराठी फलक आहे एवढ्याने वर्गात मराठीतून विचार होतो असं नाही.

कन्नडचं काय? मला वाटतं, इथे आपण हातची गोष्ट वाया घालवतोय. मराठीत पंचवीस म्हणताना पाच आधी येतात, सत्तेचाळीस म्हणताना सात आधी. त्यामुळे पहिली-दुसरीतली मुलं सत्तेचाळीस ऐकून ७४ लिहितात. कन्नडमध्ये इप्पत्तैदु म्हणजे वीस आणि मग पाच, नलवत्तेळु म्हणजे चाळीस आणि मग सात. जसं बोलतात तसंच लिहितात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी संख्यावाचनाची पद्धत आली तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे कारणं सांगत राहिल्या, आणि विधानसभेत विनोद होत राहिले. बेळगावच्या गल्लीत वाढणाऱ्या मुलाच्या कानावर दोन्ही पद्धती आपोआप पडतात. त्याला दशक-एकक शिकवताना शेजारच्या दुकानातली कन्नड मोजणी वापरली तर मराठीचं काय बिघडेल? पुढच्या इयत्तेतही बीजगणित, समीकरण, गुणाकार, भागाकार हे शब्द दोन्हीकडे सारखेच आहेत. आपल्या अपूर्णांकाला ते भिन्नराशी म्हणतात, परिमेयला भागलब्ध. फरक आहे तो अशा काही ठिकाणी. माझं हे म्हणणं काही मित्रांना आवडणार नाही हे मला ठाऊक आहे. कन्नड सक्तीला विरोध करणं वेगळं आणि मुलाच्या कानावर आधीच असलेली भाषा वर्गाबाहेर ठेवणं वेगळं.

राहिला पीयूसीचा प्रश्न, आणि तो खोटा नाही. दहावीपर्यंत मराठीत शिकलेलं मूल सायन्सला जातं तेव्हा वर्ग इंग्रजीत, पुस्तक इंग्रजीत, आणि पहिले दोन-तीन महिने त्याला काही सुधरत नाही. पालक याच भीतीने पहिलीपासूनच इंग्रजी निवडतात. त्यांना तो हक्क आहेच. २०१४ साली सुप्रीम कोर्टाने प्राथमिक शाळेत मातृभाषेच्या माध्यमाची सक्ती सरकारला करता येणार नाही असा निकाल कर्नाटकाच्याच प्रकरणात दिला. पण अकरावीत खरं काय अडतं ते जवळून बघा. ‘रॅशनल नंबर’ म्हणजे परिमेय संख्या हे मुलाला एका संध्याकाळी कळतं. पाचवी ते दहावीच्या गणितातल्या सगळ्या संज्ञा एका उन्हाळ्यात सहज इंग्रजीत नेता येतात. सुट्टीत नेता येत नाही ते कंस सोडवताना बदलणारं चिन्ह, छेदातलं अक्षर, समीकरणाच्या दोन्ही बाजूंना एकच क्रिया करण्याची सवय. ते सातवी-आठवीत राहिलं तर कुठल्याच माध्यमात भरून निघत नाही, आणि इंग्रजी माध्यमातल्या मुलांची ट्यूशन नववीपासून का सुरू होते याचं कारणही तेच आहे.

तेव्हा मागणी करायची तर नेमकी करू. उच्च प्राथमिक मराठी शाळेत एक शिक्षक कायमचा हवा, गणित शिकलेला आणि मराठी बोलणारा. अर्ध्या वर्षात येऊन मार्चमध्ये जाणाऱ्या अतिथी शिक्षकावर अपूर्णांक सोपवता येत नाही. सहावीपासून पुस्तकाच्या शेवटी मराठी, कन्नड, इंग्रजी अशा तीन रकान्यांचा शब्दकोश हवा, दोन पानांत मावेल. पाठ्यपुस्तक मंडळाने नाही छापला तर आपण छापू. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ चं आहे, ज्या गावाला इतका जुना वाचनाचा वारसा आहे त्याला दोन पानं जड नाहीत. गल्लोगल्ली गणेशोत्सव मंडळं आहेत, दहावी-बारावीच्या गुणवंतांचे सत्कार होतात, शाल-श्रीफळ होतं. त्यातलं थोडं लक्ष सहावीच्या वर्गाकडे वळवा. आणि जो शिक्षक अभ्यासक्रम मागे पडला तरी चालेल म्हणून अपूर्णांकावर महिनाभर थांबतो, त्याच्यामागे उभे राहा; त्याला वरून बोलणी बसतात, आणि पालकही ‘अजून तोच धडा?’ म्हणून विचारतात.

शाळेच्या एसडीएमसीत, म्हणजे शाळेवर देखरेख करणाऱ्या समितीत, पालक असतात. बैठकीत सहसा स्वच्छतागृह, कंपाउंड आणि माध्यान्ह भोजन एवढंच येतं. पुढच्या बैठकीला सहावीच्या दोन-चार मुलांना बोलवा आणि ८ + ४ = □ + ५ एवढं फळ्यावर लिहा. बारा आलं तर त्यांच्या शिक्षकांशी बसून बोलावं लागेल, रागावून नव्हे. सात आलं तर पुढचं विचारा: तीन-चतुर्थांशातून दोन-तृतीयांश गेले, किती उरले, आणि ते तुला कसं कळलं?